‘लिव्हिंग सर्टिफिकेट’ म्हणणाऱ्या जिभेला इंग्रजीतले ऱ्हस्व-दीर्घ कसे कळायचे?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लेक तिसरीत आहे, वेंगुर्ल्याकडच्या सेमी-इंग्रजी शाळेत. वहीत दोन रकाने आखून दिलेत, एक ‘शॉर्ट व्हॉवेल’चा आणि एक ‘लाँग व्हॉवेल’चा. तिनं ‘कार’ हा शब्द लाँगमध्ये लिहिला, बाईंनी त्यावर फुली मारली. ‘केक’ आणि ‘काइट’ मात्र लाँग म्हणून बरोबर. तुम्ही डिक्शनरी उघडलीत तर तिथे ‘कार’च्या उच्चारात लांबीची दोन टिंबं आणि ‘केक’च्या उच्चारात एकही नाही. मग खरं कोण, बाई की डिक्शनरी? आणि जाता जाता तुम्ही जे लिहिलंत तेच मला मूळ दुखणं वाटतं: ‘मला स्वतःलाच शिप म्हणजे जहाज आणि शीप म्हणजे मेंढी हे एकसारखे ऐकू येतात, मी तिला काय शिकवू?’

मी रत्नागिरी तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका हायस्कुलात २७ वर्षं इंग्रजी शिकवलं. संध्याकाळी घरच्या पडवीत सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, काढून जहाजावर निघालेल्या पोरांचा क्लास घ्यायचे, तो अजून चालतो. त्यामुळे शाळकरी मुलं आणि पंचविशीतले बापे, दोघांच्याही जिभा मी जवळून पाहिल्या आहेत. दोघं एकाच ठिकाणी अडखळतात.

आधी बाई आणि डिक्शनरीचं भांडण मिटवू. दोघी बरोबर आहेत, कारण दोघी ‘लाँग’ हा शब्द वेगवेगळ्या अर्थानं वापरतात. शाळेत लाँग म्हणजे स्वराचं अक्षर स्वतःचं नाव सांगतं ते. केकमध्ये ‘ए’, ‘ही’मध्ये ‘ई’, काइटमध्ये ‘आय’, होममध्ये ‘ओ’, क्यूबमध्ये ‘यू’. आणि कॅट, बेड, पिन, हॉट, कप हे शॉर्ट. हा हिशोब स्पेलिंग वाचता यावं म्हणून केलेला आहे, सेकंद मोजून नव्हे. डिक्शनरीतली दोन टिंबं मात्र उच्चाराबद्दल बोलतात: एकच स्वर, न हलता, लांबवलेला. कार, शीप, मून, बॉल. केकमधला स्वर प्रमाण ब्रिटिश उच्चारात ‘ए’वरून निघून ‘इ’कडे सरकतो, तो जोडस्वर, म्हणून त्याला टिंबं नाहीत. ‘कार’ शाळेच्या दोन्ही रकान्यांत बसत नाही; पुढे ‘आर’ आला की स्वराचं रूपच बदलतं, त्याचा धडा मागाहून येतो. तेव्हा परीक्षेपुरतं बाईंचं ऐका.

‘आय’ला दीर्घ का म्हणायचं, असा प्रश्न हुशार मूल विचारतंच. त्याचं उत्तर इतिहासात आहे. साधारण १४०० च्या सुमारास इंग्लंडात ‘टाइम’चा उच्चार ‘तीम’सारखा होता, शेवटचा ‘ई’सुद्धा पुसटसा उच्चारायचे. ‘नेम’चा उच्चार ‘नाम’च्या जवळचा, म्हणजे जवळजवळ आपलंच नाम. ‘हाउस’ तेव्हा ‘हूस’ होता. म्हणजे त्या काळी ‘बिट’ आणि ‘बाइट’ यांत खरोखरच इ आणि ई एवढाच फरक होता. पुढच्या तीनेकशे वर्षांत सगळे दीर्घ स्वर जागा सोडून सरकत गेले. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाभ्यासकानं या सरकण्याला नाव दिलं ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’. पण कॅक्स्टन या इंग्रज मुद्रकानं १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला होता आणि स्पेलिंगं हळूहळू गोठायला लागली होती. उच्चार घर सोडून गेले, दारावरची पाटी तीच राहिली. म्हणून आजही ‘आय’ला ‘लाँग आय’ म्हणतात.

आता मुख्य दुखण्याकडे. शिप-शीप, फुल-फूल, पुल-पूल आपल्याला सारखे का ऐकू येतात? आपले कान वाईट नाहीत. उलट मराठी इतकी पक्की बसली आहे की जीभ तिचाच नियम इंग्रजीला लावते.

मराठीत इ-उ लांब की आखूड हे शब्दात त्यांची जागा कुठे आहे यावर ठरतं. शब्द ‘अ’नं संपत असेल तर शेवटून दुसरा इ-उ लांब होतो: मीठ, चूल, पूल, फूल, जीभ. त्याच शब्दाला शेपूट लागली की तो आखडतो: मिठागर, चुलीवर, पुलाखाली, फुलाला, जिभेला. ‘विहीर’ म्हणून बघा, एकाच शब्दात एक आखूड आणि एक लांब. ‘विहिरीत’ म्हटलं की दुसराही आखडला. ‘चिपळूण’ आणि ‘चिपळुणात’ तसंच. हे आपण शिकत नाही, आपोआप होतं. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले त्यांतही हेच बसवलं आहे, फक्त संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द वगळून. आणि त्या शब्दांत आपली फजिती बघा: ‘विष’ आणि ‘गुण’ ऱ्हस्व लिहितो, पण म्हणताना वीष आणि गूणच म्हणतो. मुलांच्या शुद्धलेखनाच्या निम्म्या चुका तिथूनच येतात.

इंग्रजीत जागेचा काही संबंध नाही. तिथे शब्द स्वतःचा स्वर घेऊन जन्माला येतो आणि शेपूट लागली तरी तोच राहतो. ‘लिव्ह’ म्हणजे राहणं, त्याचं ‘लिव्हिंग’. ‘लीव्ह’ म्हणजे सोडणं, त्याचं ‘लीव्हिंग’. आता आपली जीभ काय करते ते पाहा. एकाच स्वराचा, व्यंजनानं संपणारा शब्द आला की लांबवते, म्हणून ‘आय लिव्ह इन रत्नागिरी’चं ‘आय लीव्ह इन रत्नागिरी’ होतं. आणि शेपूट आली की आखडते, म्हणून शाळा सोडल्याच्या दाखल्याला, ज्याचं खरं नाव स्कूल लीव्हिंग सर्टिफिकेट, आपण सगळे, मुख्याध्यापकांसकट, ‘लिव्हिंग सर्टिफिकेट’ म्हणतो. राहणं जिथे हवं तिथे सोडणं आणि सोडणं जिथे हवं तिथे राहणं. अगदी उलटापालट. टीचरचं टिचर, मीटिंगचं मिटिंग, लीडरचं लिडर, आंब्याच्या सीझनचं सिझन हे सगळं त्याच नियमातून येतं. म्हणून ‘आपले लोक आखूड स्वर लांबवतात’ असं जे सरसकट सांगितलं जातं ते अर्धंच खरं आहे. आपण दोन्ही करतो, आणि दोन्ही नियमानं करतो.

हे कळायला मला स्वतःला बरीच वर्षं लागली. सुरुवातीला मी पोरांना सांगायचे, शीप म्हणताना ताणा, शिप म्हणताना तोडा. हात लांब करून दाखवायचे. व्हायचं काय, की शीप आणखी लांब व्हायचं आणि शिपही त्याच्यामागे लांब व्हायचं. एक मुलगा होता, वडील मच्छीमारी बोटीवर तांडेल. त्याला काही केल्या ‘शिप’ येईना. तीन दिवस शीप, शीप, शीप. चौथ्या दिवशी सूचनेची वही घेऊन आमचे शिपाई दारात आले आणि हाच पोरगा ओरडला, ‘बाई, शिपाई आले!’ मी खडू खाली ठेवला. म्हटलं, परत म्हण. शिपाई. आता अर्ध्यावर थांब. शिप... ‘शिप.’ आलं की! वर्ग हसला, तोही हसला, आणि मला पुढच्या सगळ्या वर्षांचा धडा मिळाला.

तोच उपाय तुम्हाला देते. आखूड स्वर नव्यानं शिकायचा नाहीये, तो तुमच्या तोंडात आहे, फक्त दुसऱ्या जागी. जिथे आहे तिथून उचलून आणायचा. शिपाई म्हणा आणि ‘शिप’वर ओठ मिटून थांबा, झालं जहाज. चिपळूण म्हणताना ‘चिप’वर थांबा, झाली मोबाइलची चिप, लांबवलंत तर चीप म्हणजे स्वस्त. ‘पुलावर’ म्हणून ‘पुल’वर थांबा, ते ‘पुल’ म्हणजे ओढ. आणि नुसता आपला नदीवरचा ‘पूल’ म्हटलात तर तो झाला पोहण्याचा पूल. ‘फुलाला’मधून ‘फुल’ म्हणजे भरलेलं, आणि ‘फूल’ म्हणजे मूर्ख. ‘कर्ज फिटलं’मधून ‘फिट’. ‘किल्ला’मधून ‘किल’ म्हणजे ठार मारणं, आणि ‘कील’ म्हणजे जहाजाचा तळकणा. शेवटच्या या जोडीवर माझ्या क्लासात हमखास दंगा होतो. सुरुवातीला पूर्ण मराठी शब्द मोठ्यानं, मग शेपूट कुजबुजत, मग शेपूट मनातल्या मनात. दहा-बारा दिवसांत शेपटीची गरज उरत नाही.

उलट दिशेचं औषधही तसंच. ‘लीव्हिंग’ म्हणायचं असेल तर आधी नुसतं ‘लीव्ह’ म्हणून थांबा, एक श्वास, मग ‘इंग’. टीच–अर. मीट–इंग. मधली फट हळूहळू बुजवत न्या. फट बुजली तरी ई आखडू द्यायची नाही.

आता एक गोष्ट जी बहुतेक ठिकाणी चुकीची सांगतात. नुसती लांबी मोजून काम होत नाही. मराठीतलं ‘कल’ आणि ‘काल’ घ्या. काल म्हणजे ताणलेला कल असं आपल्याला कधी वाटतं का? ‘कल’ कितीही ताणा, ‘कऽऽऽल’, त्याचा ‘काल’ होत नाही, कारण अ आणि आ म्हणताना तोंडच वेगळं उघडतं. इंग्रजीतल्या इ आणि ई चं नातं अगदी असंच आहे. शीपमध्ये जीभ वर, टाळूच्या जवळ, ओठ किंचित हसरे. शिपमध्ये जीभ जराशी खाली आणि सैल, ओठही सैल. हनुवटीखाली बोट धरून ‘ई’ म्हणा आणि मग जीभ सोडून द्या. हनुवटी गव्हाच्या दाण्याएवढी खाली येते. तिथे इंग्रजी इ आहे. आपला मराठी इ तिच्याहून थोडा वर असतो, पण शिपाईवरून आलेला इ ऐकणाऱ्याला पुरतो. उ आणि ऊ चंही तेच: पूलमध्ये ओठांचा घट्ट चंबू, पुलमध्ये सैल.

घड्याळ कसं फसवतं तेही सांगते. ‘बीड’ म्हणजे मणी आणि ‘बीट’ म्हणजे मारणं, दोन्हींत ई. पण शेवटी ट, प, क असा कठोर वर्ण आला की इंग्रजीत आधीचा स्वर आखडतो. ड, ब, ग आला की पसरतो. म्हणून ‘बीट’मधला दीर्घ ई मोजायला गेलात तर ‘बिड’ म्हणजे लिलावातली बोली यातल्या ऱ्हस्व इ एवढाच भरू शकतो. आणि ‘बॅग’मधला ॲ, ज्याला शाळेत आणि डिक्शनरीत दोन्हीकडे ऱ्हस्व म्हणतात, तो ‘बीट’च्या ई पेक्षा लांब निघतो. तरी इंग्रजी कान गोंधळत नाहीत, कारण ते स्वराची जात ऐकतात, लांबी नंतर. हा घोळ पुस्तकांनीही वाढवला. डॅनियल जोन्स या ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञाची उच्चारांची डिक्शनरी १९१७ साली निघाली. तिच्यात शिप आणि शीप दोन्हींना एकच चिन्ह होतं, फरक फक्त दोन टिंबांचा. १९७७ च्या आवृत्तीत तिचा संपादक गिम्सन यानं दोन्हींना वेगळी चिन्हं दिली आणि टिंबंही ठेवली. तुमच्या डिक्शनरीत शिपच्या इ ला छोट्या कॅपिटल आयसारखं चिन्ह असेल, ते नुसत्या शोभेचं नाही. आमच्या पिढीनं मात्र ‘टिंबं म्हणजे ताणा’ एवढंच उचललं.

ऐकणं. बोलता आलं की ऐकू येतं, असं माझं मत, उलटं नाही. पण आठ वर्षांच्या मुलाला दोन्ही एकदम जमतं, त्यांचा कान अजून ओला असतो. खेळ असा: दोन करवंट्या ठेवा, एकीत खडूनं जहाज, एकीत मेंढी. वीस शिंपले लेकीच्या हातात. फोनवरच्या डिक्शनरीत उच्चार ऐकवणारं बटण असतं, ते दाबा, कधी शिप, कधी शीप, क्रम मोडून. ती शिंपला ज्या त्या करवंटीत टाकेल. नुसत्या अंदाजानंही दहाच्या आसपास बरोबर येतात, म्हणून दहा-अकरावर खूश होऊ नका. सलग तीन दिवस सतरा-अठरा आले की पुढची जोडी घ्या. मग तुम्ही शिंपले टाका आणि तिला बटण दाबू दे. आईला चुकताना बघून मुलं जितकी शिकतात तितकी कशानंच नाही. एका वेळी एकच जोडी, दहा मिनिटं, बस. शिप-शीप, फुल-फूल आणि पेन-पेन एकाच दिवशी काढलंत तर तिन्ही वाया.

‘पेन-पेन’ मुद्दाम तसंच लिहिलं. लिहायचं ते आणि दुखणं, यांसाठी इंग्रजीत दोन उच्चार आहेत, आणि आपल्या लिपीत ए एकच. टेस्ट म्हणजे परीक्षा आणि टेस्ट म्हणजे चव, गेट म्हणजे मिळवणं आणि गेट म्हणजे फाटक, वेट म्हणजे ओलं आणि वेट म्हणजे थांबणं. लिहून दाखवताच येत नाही, मग कळणार कसं? इथे ‘एक्का’ कामाला येतो. जोडाक्षराआधीचा आपला ए आपसूक आखडतो. एक्का म्हणताना जो ए येतो तो लिहायच्या पेनचा. पेन्न असं मनात धरून म्हणा आणि न एकदाच सोडा. दुखण्याच्या पेनला आपला नेहमीचा भरदार ए चालतो. हौस असेल तर शेवटी इ ची सावली द्या, पेइन. भारतात सरळ ए म्हटला तरी कुणाचं काही अडत नाही.

अ-आ आणि ऑ-ओ यांची काळजी करू नका. कट आणि कार्ट, हट आणि हार्ट, कॉट आणि कोट आपल्याला उपजत वेगळे ऐकू येतात.

स्पेलिंगवरून ओळखणं हा तुमच्या लेकीचा खरा अभ्यासक्रम, म्हणून त्यावर थोडं थांबते. इंग्रजीत स्वरांची अक्षरं पाच आणि प्रमाण ब्रिटिश उच्चारात स्वर वीसच्या आसपास, त्यामुळे एकेका अक्षराला तीन-चार घरची कामं करावी लागतात. आपली गावं इंग्रजीत लिहून बघा: दापोलीचा पहिला ‘ए’ आ आहे, रत्नागिरीचा पहिला ‘ए’ अ आहे, पाटीवर दोन्ही सारखेच दिसतात. बाहेरचा पाहुणा चुकतो त्यात त्याचा दोष नाही. इंग्रजी शब्द वाचताना आपण तो पाहुणा असतो.

तरी खुणा आहेत. एकच स्वर आणि मागून व्यंजनानं दार बंद, तर बहुधा शॉर्ट: हॉप, पिन, कॅप, कट. त्यालाच शेवटी मुका ‘ई’ लागला तर तो एका व्यंजनावरून हात लांब करून आधीच्या स्वराला त्याचं नाव घ्यायला लावतो: होप, पाइन, केप, क्यूट. मधे व्यंजनं दोन असली तर हात पोचत नाही. मी मुलांना सांगते, एक व्यंजन म्हणजे कुंपणाची काठी, त्यावरून पलीकडे बोलता येतं. दोन व्यंजनं म्हणजे चिऱ्यांचा गडगा, दगडी भिंतच. म्हणून उड्या मारणं ‘हॉपिंग’ला दोन ‘पी’ आणि आशा करणं ‘होपिंग’ला एक. आपल्या किनाऱ्यावरच्या अर्ध्या खानावळींच्या आणि होमस्टेच्या पाट्यांवर ‘डायनिंग हॉल’मध्ये दोन ‘एन’ रंगवलेले असतात, कारण ‘डिनर’मध्ये दोन असतात. डिनरला गडगा हवा, इ आखूड आहे. डायनिंगमध्ये गडगा घातला की वाचणारा ‘डिनिंग’ वाचतो, आणि त्या शब्दाचा अर्थ कानठळ्या बसवणं असा काहीतरी होतो. जेवणाच्या खोलीत पर्यटकांची पोरं असली तर तेही बरोबरच म्हणा.

मुक्या ‘ई’चे अपवाद पाठ करण्यापेक्षा कारणासकट लक्षात राहतात. हॅव्ह, गिव्ह, लिव्ह, लव्ह यांत ‘ई’ असूनही स्वर आखूड, कारण तिथला ‘ई’ स्वरासाठी नाहीच. ‘व्ही’ अक्षरानं शब्द संपवायची इंग्रजीला सवय नाही, म्हणून त्याच्या टेकूला ‘ई’ ठेवलाय. आणि लव्ह, कम, सम यांत ‘यू’ऐवजी ‘ओ’ का? जुन्या लेखनिकांच्या हस्ताक्षरात ‘एम’, ‘एन’, ‘यू’, ‘व्ही’ सगळे उभ्या काठ्यांचे; शेजारी शेजारी आले की काठ्यांचं कुंपण दिसायचं. वाचता यावं म्हणून मधे गोल ‘ओ’ घातला, तो तसाच राहिला.

डबल ‘ओ’ दिसला की मूल ऊ म्हणतं. फूड, मून, स्कूल, बूट ठीक. पण पुढे ‘के’ आला की जवळजवळ नेहमी आखूड: बुक, कुक, लुक, हुक. शिवाय गुड, फुट, वुड, वुल. फ्लड आणि ब्लड यांनी तर तिसरीच वाट धरली. ‘ई-ए’ या जोडीचं तसंच: सी म्हणजे समुद्र, टी म्हणजे चहा, सीट, मीट यांत ई, हेड, ब्रेड, हेवी, वेदर यांत आखूड ए, आणि ग्रेट, ब्रेक, स्टेक यांत लांब ए. ‘ब्रेक’मध्ये लांब, पण त्याचाच ‘ब्रेकफास्ट’ झाला की आखूड. ‘बीच’ हा शब्द मात्र कोकणात दिवसातून शंभरदा लागतो आणि तिथे आपली लांबवायची सवयच आपली अब्रू राखते. तो कधीही आखडू नका, शिवी होते. बेडशीटचंही तेच.

ब्रेकफास्टसारखे आखडणारे शब्द पाहिले की पोरं म्हणतात, ‘बाई, तुम्ही म्हणालात शेपूट लागली तरी स्वर हलत नाही.’ बरोबर पकडतात. ‘इंग’, ‘अर’, ‘एस’ या शेपट्यांनी हलत नाही. पण काही जुन्या, जड शेपट्यांनी आणि जोडशब्दांत हलतो: चाइल्ड–चिल्ड्रन, फाइव्ह–फिफ्टी, नेचर–नॅचरल, नेशन–नॅशनल, कीप–केप्ट. शब्द वाढला, स्वर आखडला, आपल्या मीठ–मिठागरसारखंच. फक्त आपल्याकडे तो नियम अजून जिवंत आहे, त्यांच्याकडे काही शब्दांत खूण उरली आहे. तिसरीच्या मुलीला हे सांगायची घाई नको, पाचवी-सहावीत सांगा.

हे सगळं किती गंभीरपणे घ्यायचं ते कशासाठी शिकता त्यावर आहे. स्कॉटलंडमध्ये फुल आणि फूल, पुल आणि पूल यांच्या स्वरांत फरकच करत नाहीत, आणि त्यांचं इंग्रजी कुणी चुकीचं म्हणत नाही. वेंगुर्ल्यात राहून बँकेत, दुकानात बोलायचं तर संदर्भ सांभाळून घेतो. ‘गोइंग बाय शीप’ म्हटलं तरी कुणी मेंढीवर बसलेलं कल्पत नाही. जहाजावर मात्र संदर्भ नेहमी सांभाळत नाही. माझा एक विद्यार्थी पहिल्याच फेरीला इंजिनरूममध्ये वायपर, म्हणजे साफसफाईचा हरकाम्या, होता. साहेबांनी सांगितलं, ‘फील द बेअरिंग’, म्हणजे हात लावून गरम झालंय का बघ. यानं ऐकलं ‘फिल’, म्हणजे भर, आणि तेलाचा डबा घेऊन आला. त्या दिवशी हसण्यावारी गेलं. म्हणूनच आकड्यांच्या बाबतीत जहाजावर धोकाच पत्करत नाहीत. फिफ्टीन आणि फिफ्टी यांत ‘टीन’चा लांब ई, शेवटचा ‘न’ आणि आघात यांचाच काय तो फरक. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००१ मध्ये स्वीकारलेल्या ठरावीक वाक्यांच्या संचात आकडे सुटे सुटे बोलायला सांगितलं आहे: पंधरा म्हणजे ‘वन-फाइव्ह’, पन्नास म्हणजे ‘फाइव्ह-झिरो’. माझ्या क्लासातली पोरं घरी किराण्याचा हिशोबही तसा करतात, आया वैतागतात.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. वहीच्या रकान्यांसाठी ‘अक्षर नाव सांगतंय का’ एवढंच विचारा, आणि ‘आर’वाले शब्द बाईंना विचारून बाजूला काढा. तोंडासाठी शिपाई, चिपळूण, पुलावर. कानासाठी करवंट्या आणि शिंपले. तुमच्या वयात तिच्यापेक्षा जास्त दिवस लागतील, पण मी पन्नाशीतल्या सारंगाला, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याला, शिकवलंय, तुम्हाला का नाही जमणार.

आणि हो, लेकीच्या दाखल्यासाठी कधी अर्ज करावा लागला तर कागदावर ‘लीव्हिंग’चं स्पेलिंग ‘ई-ए’नं लिहा. खिडकीपाशी बोलताना ‘लिव्हिंग’ म्हणालात तरी चालेल, क्लार्कही तसंच म्हणतो.